नेहमीचा डॉक्टर मोजायचा कसा?

देशात ८३४ लोकांमागे एक डॉक्टर आहे, असे उत्तर केंद्र सरकारने २०२२ साली संसदेत दिले. हजार लोकसंख्येमागे एक डॉक्टर हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणून सांगितले जाणारे प्रमाण लक्षात घेता ही स्थिती समाधानकारक मानावयास हवी. परंतु हा आकडा कसा सिद्ध झाला हे पाहिले की समाधान ओसरू लागते. नोंदणी झालेल्या ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के प्रत्यक्ष उपलब्ध आहेत असे गृहीत धरावयाचे, त्यांत आयुर्वेद, होमिओपॅथी आदी पद्धतींचे ५ लाख ६५ हजार चिकित्सक मिळवावयाचे, आणि बेरजेने देशाच्या लोकसंख्येस भागावयाचे. पुण्याच्या एखाद्या पेठेत एकाच गल्लीत असलेले चार दवाखाने आणि मेळघाटातील रिकामी खुर्ची यांची सरासरी या भागाकारात निमूटपणे निघते. त्या ८३४ जणांना आपला डॉक्टर कोण हे ठाऊक आहे काय, हा प्रश्न या गणितात उद्भवतच नाही.

आरोग्यसेवेची उपलब्धता मोजण्याची आपल्याकडील रीत मुळापासून अशीच आहे. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात तातडीचा उपाय म्हणून ४० हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले. पुढे हे प्रमाण ३० हजारांस एक केंद्र व ५ हजारांस एक उपकेंद्र, आणि डोंगराळ व आदिवासी भागांत अनुक्रमे २० हजार व ३ हजार असे ठरले. आरंभीच्या काळात हा निकष योग्यच होता; जेथे इमारतच नव्हती तेथे प्रथम इमारत मोजणे भाग होते. दोष आहे तो पाऊणशे वर्षांनंतरही मुख्यतः इमारती आणि मंजूर पदेच मोजत राहण्यात.

इमारत उभी असणे आणि सेवा मिळणे यांत किती अंतर असते, याचा दाखला राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात मिळाला. अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन व एस्थर ड्यूफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी तेथे केलेल्या पाहणीत उपकेंद्रांना वर्षभर दर आठवड्यास भेट देण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार कामाच्या ठरलेल्या वेळातही निम्म्याहून अधिक भेटींत उपकेंद्र बंद आढळले. याहूनही महत्त्वाचा निष्कर्ष असा की, ते केव्हा उघडे असेल याचा काही नियम सापडला नाही. सोमवारी बंद आणि मंगळवारी उघडे, असे जरी निश्चित असते तरी लोकांनी आपली मजुरी सांभाळून मंगळवार धरला असता. भरवसाच नसल्यावर दोन कोस चालत जाण्याचा धोका कोण पत्करील? कागदोपत्री मात्र त्या गावांना उपकेंद्राची सोय ‘उपलब्ध’ होती.

लोकांनाच विचारावे, हा यावरील सरळ उपाय. तसे विचारलेही जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीचे प्रगणक घरोघर जाऊन गेल्या पंधरा दिवसांत कोणी आजारी होते काय, याची चौकशी करतात. २०१७-१८च्या ७५व्या फेरीत देशातील ७.५ टक्के लोकांनी होय म्हणून सांगितले. पण या उत्तरांतही एक चकवा आहे. अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळातील लोक सर्वाधिक आजार सांगतात आणि बिहारचे लोक त्या मानाने कितीतरी कमी. बिहारी माणसाची प्रकृती अधिक ठणठणीत आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्याला तपासणारे कोणी असते त्यालाच आपला आजार आजार म्हणून कळतो. इतरांना ते वयाचे, कामाचे किंवा दैवाचे दुखणे वाटते. सेवा जितकी कमी तितका आजार कमी दिसावा, अशी ही विपरीत मोजपट्टी होय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील प्रश्न यापेक्षा जवळचा आहे. घरातील माणसे आजारी पडली म्हणजे सहसा उपचारासाठी कोठे जातात, असे तीत विचारतात. सहसा सरकारी दवाखान्यात न जाणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ साली सुमारे ५५ टक्के होते, ते २०१९-२१च्या पाहणीत निम्म्यावर आले. न जाण्याच्या कारणांत उपचारांचा हलका दर्जा, ताटकळत बसावे लागणे आणि दवाखाना जवळ नसणे ही ठळक आहेत. माहिती मोलाची, यात शंका नाही. तथापि ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर जागेचे असते. ‘कोणाकडे’ हे त्यातून कळत नाही.

हा भेद शब्दच्छलाचा नव्हे. याच पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांत २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यावर औषध घेत आहेत. एखाद्या तालुक्याच्या गावी मोलमजुरी करणारी पन्नाशीची बाई घ्यावी. तिला ताप नाही, खोकला नाही. पंधरा दिवसांत ती आजारी पडलेली नाही. कधी काळी शिबिरात कोणी रक्तदाब मोजला, गोळ्या दिल्या, त्या महिन्याने संपल्या. पुढच्या वेळी केंद्रात नवा वैद्यकीय अधिकारी, नवा केस पेपर, नवी गोळी. तिचा आकडा मागच्या वर्षी काय होता, हे सांगणारे कोणी नाही. पक्षाघाताचा झटका येईपर्यंत सर्व सरकारी तक्त्यांत ही बाई निरोगी, आणि सेवेच्या कक्षेतच असते. तापाला कोणताही डॉक्टर चालतो. रक्तदाबाला आणि मधुमेहाला ओळखीचा लागतो.

ओळखीचे हे मोल भावनिक तेवढेच आहे, असे समजण्याचे कारण नाही. नॉर्वेत २००१पासून प्रत्येक नागरिकाचे नाव एका ठरावीक डॉक्टरच्या यादीत असते. तेथील लक्षावधी लोकांच्या नोंदींवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्यांतील मृत्यूचे प्रमाण एकाच वर्षाचा संबंध असलेल्यांच्या मानाने सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाणही तसेच घटलेले होते. कॅनडात अशी सार्वत्रिक यादी नाही. म्हणून तेथील सांख्यिकी खाते लोकांनाच विचारते की, गरज पडल्यास ज्याच्याकडे जाता असा नेहमीचा आरोग्यसेवक तुम्हांस आहे काय? २०१९ साली बारा वर्षांवरील १४.५ टक्के, म्हणजे सुमारे ४६ लाख लोकांनी नाही म्हणून सांगितले. नाही म्हणणाऱ्यांस पुढे कारणही विचारले जाते, हे विशेष. गरज वाटली नाही म्हणणारा तरुण आणि डॉक्टर निवृत्त झाला, दुसरा मिळत नाही म्हणणारा वृद्ध यांना एकाच रकान्यात टाकले तर धोरण चुकणारच.

मग हाच प्रश्न आपल्या पाहणीत उचलून घातला म्हणजे झाले काय? येथे सावध राहावयास हवे. भारतीय खेड्यात ‘तुमचा नेहमीचा डॉक्टर आहे काय’ असे विचारले तर होकार कदाचित अपेक्षेहून अधिक येतील. सायकलीवरून किंवा फटफटीवरून फिरणारा, रात्रीबेरात्री दार उघडणारा, उधारीवर सुई टोचणारा ‘डॉक्टर’ बहुतेक गावांना असतो. २००१च्या जनगणनेत स्वतःचा व्यवसाय ॲलोपॅथी डॉक्टर असा सांगणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात नमूद आहे. ग्रामीण भागात तर पदवी असलेले पुरते १९ टक्केही नव्हते. या माणसाला बोगस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण पदवीधराजवळ नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ असते. तो गावातच असतो. त्याला घराघरांतील माणसे ठाऊक असतात. म्हणजे एकीकडे ज्ञान आहे तर सातत्य नाही, दुसरीकडे सातत्य आहे तर ज्ञान नाही. एकच प्रश्न विचारणारी पाहणी या दोहोंची गल्लत करील. नेहमीचा कोणी आहे काय, तो कोण व काय शिकलेला, आणि गेल्या वर्षभरात त्याच माणसाची भेट किती वेळा झाली, हे तीन प्रश्न सोबतच विचारले पाहिजेत. साठ-सत्तर पानी प्रश्नावलीत एवढी जागा काढणे अशक्य नसावे.

अर्थात उत्तर लोकांकडूनच मिळवावयास हवे असेही नाही. महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदांकडे आहेत. तेथील अनेक वैद्यकीय अधिकारी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर किंवा पदवीनंतरच्या एका वर्षाच्या बंधपत्रावर येतात आणि मुदत संपताच पदव्युत्तर प्रवेशाच्या मार्गाला लागतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. व्यवस्थेनेच त्यांना पाहुणे म्हणून नेमले आहे. मात्र वर्षअखेर ‘पदे भरलेली’ या रकान्यात त्या केंद्रापुढे शंभर टक्के लिहिले जाते. पाच वर्षांत पाच डॉक्टर आले तरी शंभर, आणि एकच पाच वर्षे राहिला तरी शंभर. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही साठा आणि प्रवाह यांत फरक करतो; आरोग्य खात्याचा तक्ता करीत नाही.

२०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यास आरंभ झाला. ५ हजार लोकांस एक ओळखीचा माणूस मिळण्याची ही खरी संधी आहे, कारण रक्तदाबाची व मधुमेहाची नोंद ठेवणे हे त्याच्याच कामात येते. तो एका उपकेंद्रावर किती महिने टिकतो, यावर ती संधी अवलंबून राहील. हे मोजण्यास नवी पाहणी नको, नवा निधीही नको. कोणत्या केंद्रावर कोणत्या महिन्यात कोणाच्या नावे वेतन निघाले, याची पत्रके आरोग्य यंत्रणेच्या हिशेब शाखांत पडून आहेत. त्यांतून प्रत्येक केंद्रावरील अधिकाऱ्याचा सलग सेवाकाल काढावा आणि ‘पदे भरलेली’ या रकान्याशेजारी तो दर वर्षी छापावा. काम एका कारकुनाचे, फार तर पंधरवड्याचे आहे.