यंत्रमानव आला, छातीचा फोटो काढला का?

गेल्या महिन्यात फाउंड्रीत काम करणारे, पंचेचाळिशीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. बावीस वर्षे हातात लॅडल धरून त्यांनी साच्यांमध्ये लोखंडाचा रस ओतला. आता त्यांच्या विभागात हे काम यंत्रमानव, म्हणजे रोबो करतो. पाठदुखीचे औषध मागतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, पाठ सुटली, खरं झोप गेली बघा."

तपासताना लक्षात आले की जिना चढून आल्यावर त्यांना दम लागला होता. कोरडा खोकलाही होता. "छातीचा फोटो काढू या," असे म्हणताच ते गडबडले. "आत्ता नको साहेब. सहा जणांचं काम दोघांवर आलंय. फोटोत काय निघालं तर माझं नाव आधी कटंल."

कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी या पट्ट्यात घराघरात फाउंड्रीचा कामगार आहे. यंत्रे येणार, हे सर्वांना दिसते आहे. तेव्हा त्यांचा आरोग्याशी संबंध काय, याचा विचार या आठवड्यात करू.

शरीराचा फायदा

यंत्राला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. जगातला पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ साली अमेरिकेत, न्यू जर्सीमधील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याला दिलेले काम होते साच्यातून निघालेले तापलेले कास्टिंग उचलण्याचे. जे काम माणसाला भाजते, तेच यंत्राकडे आधी गेले.

आपल्याकडेही लोखंडाचा रस सुमारे १४०० अंश सेल्सिअसला ओततात. तो ओलसर जागी पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून अंगावर येतो. शिवाय जड लॅडल धरून कंबरेत वळण्याने मणक्यांमधील चकत्या झिजतात. यंत्रमानव या दोन्ही संकटांतून माणसाला सोडवतो.

धूळ मात्र फुफ्फुसातच

साच्याच्या वाळूत सिलिका असते. मोल्ड फोडताना, कास्टिंग घासताना तिची बारीक धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुधा नाकात आणि घशात अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो; पाच मायक्रॉनहून लहान कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात. तेथे हळूहळू व्रण होऊन फुफ्फुस कडक बनते. हाच सिलिकोसिस.

तो वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो. धुळीचे काम सोडल्यावरही तो पुढे सरकू शकतो. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. अशा रुग्णाला क्षयरोग जडण्याची शक्यता अधिक असते. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. म्हणजे आज यंत्रमानव बसला तरी मागच्या वीस वर्षांची धूळ तो काढून घेत नाही.

आणखी एक गोष्ट. काम बंदिस्त यंत्रात गेले की शेडमधील धूळ कमी होते, पण ती फिल्टरच्या पिशव्यांत साठते. पिशव्या झटकणारा, यंत्राची केबिन उघडून साफ करणारा एखादाच कामगार असतो. पूर्वी अनेकांत वाटली जाणारी धूळ आता त्या एकाच्या वाट्याला येते.

थांबलेले यंत्र

नव्या यंत्राचे स्वतःचेही धोके आहेत. १९७९ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, मोटारींसाठी कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्यात एक तरुण कामगार माल काढण्यासाठी रॅकवर चढला. चालू यंत्राच्या हाताचा तडाखा बसून तो जागीच गेला. १९८१ साली जपानमध्ये यंत्रमानवाची तपासणी करायला कुंपणाच्या आत गेलेल्या कामगाराचा असाच अंत झाला.

यंत्रमानव थांबलेला दिसला म्हणजे बंद आहे, असे नव्हे. तो पुढच्या सूचनेची वाट पाहत असतो. अडकलेले कास्टिंग "हात घालून पटकन काढू" म्हणणे जिवावर बेतते.

चिंता आधी येते

आता त्या गृहस्थांच्या झोपेविषयी. नोकरी गेल्यावर प्रकृती ढासळते हे आपण जाणतोच. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहणीतून १९९५ साली पुढे आले की, आपल्या खात्याचे खाजगीकरण होणार ही नुसती चाहूल लागली तेव्हापासूनच लोकांची प्रकृती बिघडू लागली होती. झोप उडणे, छातीत धडधड, रक्तदाब, घरात चिडचिड, संध्याकाळची बाटली ही त्याच भीतीची रूपे. आणि या भीतीपोटी माणूस खोकला लपवतो, हे सर्वांत वाईट.

काय करावे?

१) दहा वर्षांहून अधिक काळ धुळीत काम झाले असेल तर खोकला नसतानाही छातीचा फोटो आणि फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी करून घ्या. डॉक्टरांना आपले काम नेमके सांगा. नुसते "कंपनीत आहे" म्हणू नका.

२) विडी-सिगारेट सोडा. धूळ आणि धूर मिळून फुफ्फुसाचे दुप्पट हाल करतात.

३) तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ प्रतीचा मास्क लागतो.

४) कपड्यांवरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जमीन कोरडी झाडू नका; पाणी मारून किंवा व्हॅक्यूमने साफ करा.

५) यंत्रमानवाच्या कुंपणात शिरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

६) तीन आठवड्यांहून अधिक झोप लागत नसेल तर डॉक्टरांशी बोला. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

कारखानदारांनाही विनंती आहे. यंत्राची ऑर्डर देताना कोणाला कोणते काम मिळणार हे कामगारांना आधी सांगा. रस ओतणाऱ्याला रसाचा रंग पाहून जे कळते, ते यंत्र चालवणाऱ्याला उपयोगीच पडते; त्यालाच शिकवा. आरोग्य तपासणीचा कागद कपातीची यादी करण्यासाठी वापरला, तर पुढच्या तपासणीला कोणी खरे सांगणार नाही. सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवावा लागणारा आजार आहे. कामामुळे झालेला आजार म्हणून त्याच्या भरपाईचाही हक्क आहे. तो लपवण्यात कोणाचेच हित नाही.

ते गृहस्थ पंधरा दिवसांनी पत्नीला घेऊन आले. फोटो काढून आणला होता. दोन्ही फुफ्फुसांत बारीक ठिपके आहेत. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. त्यांच्या संमतीने मी कारखान्याला पत्र दिले आहे, की यांना धुळीपासून दूर, यंत्रमानवाच्या नियंत्रण केबिनमध्ये काम द्यावे. उत्तर अजून आलेले नाही. आम्ही वाट पाहतो आहोत.