चिमुकल्या शर्यतगाडीतील बिनकार्बनची मोटर

स्वयंपाकघरातील मिक्सर जोरात चालू असताना त्याच्या मागच्या झरोक्यातून आत पाहिले, तर निळसर ठिणग्या उडताना दिसतात व एक उग्र वास येतो. काही वर्षांनी तोच मिक्सर मध्येच अडखळू लागतो. मग दुरुस्तीवाला "कार्बन गेलेत" असे म्हणून दोन काळ्या कांड्या बदलून देतो, आणि आपणही अधिक चौकशी करीत नाही. ह्या कांड्या मोटरीत नेमके काय करतात, त्या झिजतात का, आणि त्यांच्यावाचून मोटर चालविता येते काय, हे प्रश्न आज मुलांच्या खेळण्यापासून शेतातील फवारणीपर्यंत येऊन पोहोचले आहेत. त्यांचे उत्तर समजून घ्यावयाचे असेल, तर दूरनियंत्रणावर धावणारी विजेची छोटी शर्यतगाडी हे फार सोयीचे साधन आहे. एक तर ती टेबलावर उघडून ठेवता येते. आणि दुसरे म्हणजे, तिच्यात चूक झाली तर शिक्षा लगेच मिळते.

खेळण्यातील साध्या मोटरीपासून सुरुवात करू. तिच्या पत्र्याच्या डबीत आतल्या बाजूने दोन लोहचुंबक चिकटविलेले असतात. मधल्या दांड्यावर तांब्याच्या तारेची तीन वेटोळी असतात. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते स्वतः चुंबक बनते आणि बाहेरच्या चुंबकाकडे ओढले जाते. परंतु ओढले गेल्यावर ते तेथेच थांबेल! म्हणून ते जवळ पोहोचताच प्रवाहाची दिशा उलटवावी लागते. हे काम दांड्यावरचे तीन तुकड्यांचे तांब्याचे कडे आणि त्यावर टेकलेले दोन ब्रश मिळून करतात. शास्त्रीय मराठीत ह्या कड्याला 'दिक्परिवर्तक' असा भारदस्त शब्द आहे. तो उच्चारावयास कठीण असला तरी अर्थाने अगदी चोख आहे. ब्रशला आपल्याकडचा वाइंडिंगवाला 'कार्बन'च म्हणतो, मग तो तांब्याच्या पत्तीचा असला तरी.

आता हिशेब पाहा. तीन तुकडे आणि दोन ब्रश म्हणजे एका फेऱ्यात सहा अदलाबदली. मोटर मिनिटाला २०,००० फेरे करीत असेल, तर सेकंदाला २,००० वेळा एक तुकडा सुटतो व दुसरा पकडला जातो. प्रत्येक सुटण्यात बारीकशी ठिणगी, प्रत्येक पकडण्यात थोडे घासणे. वेग वाढवावा तितके हे दोन्ही वाढत जाते. शिवाय तापणारी वेटोळी मध्यभागी फिरत असल्यामुळे त्यांची उष्णता बाहेर पडावयास सरळ वाट नसते. अशा मोटरीच्या वेगाला जी मर्यादा पडते, तिचा मोठा भाग ह्या घासण्यात आणि तापण्यात आहे.

बिनब्रशच्या मोटरीत ही रचना उलटी केलेली असते. चुंबक मध्ये फिरतो आणि वेटोळी बाहेर, डबीला चिकटून, स्थिर राहतात. स्थिर वेटोळ्यांना तार सरळ जोडता येते, त्यामुळे घासणारे काही उरत नाही. आणि उष्णता डबीच्या पत्र्यातून हवेत जाते. मात्र अदलाबदलीचे काम काही संपलेले नसते. ते आता मोटरीबाहेरच्या एका छोट्या पेटीकडे जाते. तिला नियंत्रक म्हणू. तिच्यातील सहा ट्रान्झिस्टर मोटरीच्या तीन तारांपैकी दोन तारांतून प्रवाह सोडतात, मग दुसऱ्या दोन, मग तिसऱ्या, आणि फिरता चुंबक त्या फिरत्या ओढीमागे धावतो. जे काम घासून होत असे ते आता मोजून होते, एवढाच काय तो फरक आहे, पण तो फार मोठा आहे.

मोजून करावयाचे तर चुंबक ह्या क्षणी कोठे आहे हे नियंत्रकाला कळले पाहिजे. ह्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत मोटरीच्या आत तीन बारीक संवेदक बसवितात. एडविन हॉल ह्याने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर ते चालतात आणि चुंबक समोरून गेला की खूण देतात. दुसऱ्या पद्धतीत संवेदक नसतात. फिरणारा चुंबक रिकाम्या तारेत जो उलटा दाब निर्माण करतो, त्यावरूनच नियंत्रक जागा ओळखतो. ही पद्धत स्वस्त व सुटसुटीत आहे, पण तिच्यात एक गोम आहे. गाडी उभी असताना उलटा दाब शून्य असतो, म्हणून नियंत्रक पहिले काही क्षण अंधारात चाचपडतो. साहजिकच गाडी सुटताना थरथरते, कधी क्षणभर मागेही जाते. मोकळ्या मैदानावर हे चालून जाईल. परंतु वळणावळणाच्या लहान मार्गावर, जेथे प्रत्येक कोपऱ्यात वेग जवळजवळ शून्यावर येतो, तेथे संवेदकवाली मोटरच घ्यावी असे माझे मत आहे.

ही कल्पना कालपरवाची नव्हे. विल्सन आणि ट्रिकी ह्या दोघांनी १९६२ साली अशा मोटरीवर निबंध वाचला होता. परंतु तेव्हाचे ट्रान्झिस्टर दुबळे होते आणि चुंबकही. निओडायमियम, लोह व बोरॉन ह्यांचे जबरदस्त चुंबक १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपान व अमेरिका येथे जवळजवळ एकाच वेळी तयार झाले, तेव्हा कोठे सुपारीएवढ्या चुंबकात पुरेसे बळ आले. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेली दूरनियंत्रित पोर्श ब्रशच्याच मोटरीवर धावत होती, आणि त्यानंतर पंचवीसएक वर्षे ह्या छंदात ब्रशचेच राज्य होते.

आपल्या महाराष्ट्रात ह्या मोटरीची सर्वसामान्य माणसाशी ओळख झाली ती शर्यतगाडीतून नव्हे, छताच्या पंख्यातून. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ साली काढलेल्या ॲटमबर्ग कंपनीने असे पंखे घरोघर नेले. सत्तरपंचाहत्तर वॅटच्या जागी तीसएक वॅटमध्ये पंखा फिरू लागला. (येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या पंख्यातही कार्बन नव्हतेच. ती प्रवर्तन मोटर असते. नव्या पंख्यातील बचत चुंबकाची आणि नियंत्रकाची आहे, कार्बन काढल्याची नाही.) जानेवारी २०२० मध्ये पुणे व बंगळूर येथे विक्रीस आलेल्या बजाजच्या विजेच्या चेतकमध्येही कार्बन नाहीत.

आणि यवतमाळ जिल्ह्याला तर ह्या मोटरीचे एक वेगळेच महत्त्व आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्यावर गेलेल्या कपाशीत, वाऱ्यात, पाठीवर पंप घेऊन माणूस चालत होता आणि औषध त्याच्याच अंगावर येत होते. आता फवारणीचे ड्रोन आले आहेत. केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात महिला बचतगटांना १५,००० ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. त्या ड्रोनचा प्रत्येक पंखा बिनब्रशच्या मोटरीवरच फिरतो. तेथे चुंबक बाहेरच्या डबीला लावलेले असतात व तीच फिरते, एवढाच भेद. त्याच तीन तारा, तसाच नियंत्रक, तशीच लिथियमची बॅटरी. पिकावर उभे असताना असा ड्रोन बंद पडला, तर त्याला हात लावू शकणारा माणूस गावात किंवा निदान तालुक्याला असावयास हवा. गावोगावच्या वाइंडिंगच्या दुकानांनी विहिरीवरच्या मोटरी दोनतीन पिढ्या जिवंत ठेवल्या. ह्या नव्या मोटरीची ओळख त्याच हातांना व्हावयाची, तर ती खेळण्यातील गाडीवर सर्वांत स्वस्तात होते.

तेव्हा आता प्रत्यक्ष बसविण्याकडे वळू. समजा, आपल्याजवळ मूळ गाडीच्या एकअठरांश मापाची, ब्रशच्या मोटरीची एक गाडी आहे. मोटर काढली, नवी घातली, असे होत नाही. जुन्या मोटरीला दोन तारा असतात, नवीला तीन; जुना नियंत्रक नवीला चालवूच शकत नाही. स्वस्त गाड्यांत तर रेडिओ ग्राहक आणि नियंत्रक एकाच पट्टीवर असतात आणि चाके वळविणारी सर्व्होही पाच तारांची, त्याच पट्टीला बांधलेली असते. म्हणजे मोटरीपाठोपाठ नियंत्रक, ग्राहक, सर्व्हो आणि बहुधा हातातील रिमोटही बदलावा लागतो. खर्चाचा अंदाज ह्या यादीवरून बांधावा, एकट्या मोटरीच्या किमतीवरून नव्हे.

मोटरीवर २४३५ असा आकडा असेल तर व्यास २४ मिलिमीटर व लांबी ३५ मिलिमीटर असे सहसा समजावे. दुसरा आकडा 'केव्ही'चा. तो किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे होतील, ते तो सांगतो. ३,५०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर २५,९०० फेरे करील. गाडीच्या गिअरमध्ये मोटरीचे आठ फेरे म्हणजे चाकाचा एक असेल, तर चाक ३,२३७ फेरे करील. आणि चाकाचा व्यास ६० मिलिमीटर असल्यास ताशी साडेछत्तीस किलोमीटर वेग निघतो. प्रत्यक्षात भारामुळे तो कमी भरतो. आता कोणी उत्साहाने दोनऐवजी तीन सेलची, ११.१ व्होल्टची बॅटरी लावली, तर हाच हिशेब पंचावन्नच्या घरात जातो. वेग दीडपट, पण आदळण्याची ऊर्जा सव्वादोनपट! प्लॅस्टिकचे दाते आणि धुरे एवढे सोसत नाहीत. माझ्या पाहण्यात ह्या मोहाने फुटलेल्या गाड्या जळालेल्या गाड्यांपेक्षा अधिक आहेत.

पिनियन, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक, निवडताना दांड्याची जाडी आधी मोजावी. लहान मोटरींचा दांडा बहुधा २ मिलिमीटर असतो, मोठ्यांचा ३.१७, म्हणजे अष्टमांश इंच. दांड्याची एक बाजू सपाट केलेली असल्यास पिनियनचा बारीक स्क्रू तिच्यावरच बसला पाहिजे. दोन चाकांतील अंतर जुळविण्याची एक जुनी युक्ती आहे. वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये घालावी, मोटर हलकेच दाबून स्क्रू आवळावेत आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर घड्या उमटाव्यात, पण ती फाटू नये.

मोटर धरून ठेवणाऱ्या स्क्रूंकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मोटरीच्या तोंडाशी आट्यांची जी भोके असतात, ती काही मिलिमीटरच खोल असतात. जुन्या डब्यातला एखादा लांब स्क्रू तेथे पिळला, तर त्याचे टोक थेट वेटोळ्यात शिरते आणि तारेवरचे लाखेचे आवरण खरवडते. मोटर नवी असते, पहिल्याच फेरीला धूर येतो, आणि दोष कंपनीला दिला जातो.

तारा जोडताना बिनसंवेदकाच्या मोटरीत कोणतीही तार कोठेही चालते. गाडी उलटी धावली तर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. संवेदकाच्या मोटरीत मात्र असे मुळीच करू नये. तेथे ए ला ए, बी ला बी, सी ला सीच जोडावी. दिशा उलटवावयाची असेल तर ती नियंत्रकाच्या मांडणीतून. कथलाचा डाग चकचकीत व भरीव हवा. ह्या तारांतून वीसतीस अँपियर जातात, आणि कच्चा डाग प्रथम तेथेच तापतो.

बॅटरीवर १५०० मिलिअँपियर-तास व २५ सी असे लिहिले असेल, तर ती साडेसदतीस अँपियर देईल असा तिचा दावा असतो. नियंत्रकाची मागणी त्याच्या आत असावी. लिथियमचा सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. ३ च्या खाली उतरू देऊ नये, म्हणून नियंत्रकातील कपातीची सोय अवश्य चालू करावी. फुगलेला सेल पुन्हा भरू नये. भरताना तो मातीच्या कुंडीत ठेवावा, आणि खोलीत कोणीतरी जागे असावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवणे तर सर्वथा टाळावे.

उन्हाळ्याचा मुद्दा मोटरीलाही लागू आहे. साध्या प्रतीचा निओडायमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपले बळ कायमचे गमावू लागतो. बाहेर २० अंश असताना मोटरीला तापावयास ६० अंशांची सवलत मिळते. यवतमाळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, ती पस्तिसावर येते. परदेशी माहितीपत्रकात सुचविलेला पिनियन थंड मुलखासाठी असतो, हे ध्यानात ठेवून आपण त्याहून एक दाता कमीच घ्यावा.

पहिल्यांदा चालविताना गाडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत आणि रिमोटचा मध्य, पूर्ण वेग व ब्रेक नियंत्रकाला शिकवून द्यावेत. अधांतरी पूर्ण वेग मात्र देऊ नये. भाराविना रबरी टायर फुगून निसटतात. मग जमिनीवर दोन मिनिटे धावू द्यावी आणि थांबवून मोटरीच्या डबीला बोट लावावे. बोट पाचसहा सेकंद सुखाने टेकत असेल तर आणखी तीन मिनिटे. टेकत नसेल तर पिनियन उतरवावा, आणखी एक दात्याने लहान बसवावा आणि कागदाची पट्टी पुन्हा हाती घ्यावी.