‘पुढे घेऊन जा’

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला ‘पुढे घेऊन जा’ या तीन शब्दांचा अर्थ विचारावा लागत नाही. मूल तापाने फणफणून आकडी आलेले असो की अपुऱ्या दिवसांचे, जेमतेम सव्वा किलोचे असो, डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि हे शब्द उच्चारतात. पुढे म्हणजे उल्हासनगर, कळवा किंवा ठाणे. तेथेही भागले नाही तर मुंबई. म्हणजे शीव, किंवा १९२० च्या दशकाच्या अखेरीस परळला उभे राहिलेले वाडिया बालरुग्णालय.

बालरोगांचे विशेष उपचार असे मोजक्या ठिकाणी का एकवटतात, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याच्या औषधाची मात्रा, श्वासनलिकेची नळी, हृदयाची शस्त्रक्रिया, सारेच निराळे. आणि अशा कामात हात सतत चालता राहिला तरच तो तयार होतो. स्वीडनमध्ये १९९३ साली मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया चार केंद्रांऐवजी दोनच केंद्रांत करण्याचे ठरले. त्यानंतर तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा साडेनऊवरून दोनच्याही खाली आले. तेव्हा मुरबाडला हृदयशस्त्रक्रिया व्हावी असा आग्रह कोणीही धरणार नाही.

आपल्याकडची योजनाही कागदावर शहाणपणाची आहे. बाळंतपण होते तेथे नवजात बाळासाठी एक कोपरा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर, बाळाला सावरण्यापुरता, चार खाटांचा कक्ष. आणि जिल्ह्याला किमान बारा खाटांचा विशेष नवजात कक्ष. शाळा-अंगणवाडीतील मुलांची तपासणी करून जन्मजात व्यंगे शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ साली पालघरलाच सुरू झाला. पालघर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते.

प्रश्न आहे तो मधल्या वाटेचा. डोळखांबच्या आतल्या पाड्यावरून निघालेले बाळ आधी सडकेला यायचे, मग शहापूर, मग महामार्गाने ठाणे. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. टोकावड्याकडच्या माणसाला आधी मुरबाड गाठायचे आणि तेथून कल्याणचा रस्ता. (याच शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाचे पाणी मात्र रोज बिनतक्रार मुंबईला पोहोचते, असो.) २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिने कितीतरी जीव वाचवले, हे मान्य. पण कमी वजनाचे बाळ तासाभरात गार पडते. गार पडले की रक्तातली साखर उतरते, श्वास मंदावतो. मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचते ते निघालेल्या बाळापेक्षा कितीतरी अधिक आजारी बाळ. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून नेणे, निघण्यापूर्वी दूध किंवा साखरेचे सलाईन देणे, प्राणवायू चालू ठेवणे एवढे झाले तरी फरक पडतो. हे काम ठाण्याला करून उपयोगाचे नाही. ते शहापूरलाच झाले पाहिजे.

आणि येथेच केंद्रीकरणाचा दुसरा परिणाम दिसतो. अवघड मूल पुढेच जायचे असे एकदा ठरले की जवळच्या रुग्णालयातील परिचारिकेच्या हाताला सराव राहत नाही. सराव नाही म्हणून धीर नाही, धीर नाही म्हणून साधा न्यूमोनियाही पुढे जातो. लोकांनाही ते कळते. मग ते येथे न थांबता परस्पर कल्याण गाठतात. रुग्ण घटले की बालरोगतज्ज्ञाची जागा येथे हवी कशाला, असा हिशेब वर कोणीतरी मांडतो. तिकडे मोठी रुग्णालये तुंबतात. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीसाठी २०२३ साली मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. त्यांत बहुतेक प्रौढ होते, कारणांचीही चर्चा पुष्कळ झाली. पण सारा जिल्हा एकाच दारावर लोटला तर काय होते, हे त्या दिवशी दिसले.

लहान जागी मोठे काम होत नाही असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. विंचूदंशाने कोकणातली मुले पटापट दगावत, तेव्हा त्यावरचा उपचार महाडकडे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून शोधला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे शिकवले. तेथील नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

खर्चाचा हिशेब तर कोणी लिहीतच नाही. औषध मोफत असले तरी बापाची मजुरी बुडते, घरची बाकीची मुले शेजारणीवर पडतात, आणि नुकती बाळंत झालेली आई रुग्णालयाच्या जिन्यात बसून राहते. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असले, तर घरी सोडलेल्या बाळाची पुढची तपासणी कोणी करायची?

माझ्या मते मागणी फार मोठी नाही. मूल निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयात फोन जावा आणि खाट आहे हे कळावे. जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञाने आठवड्याचा ठरलेला वार शहापूरला आणि मुरबाडला द्यावा, येथील परिचारिकांनी आळीपाळीने महिनाभर विशेष कक्षात काम करून यावे. आणि मूल बरे होऊन परतताना त्याच्याबरोबर येथल्या डॉक्टरांच्या नावे मराठीत एक चिठ्ठी यावी: काय झाले होते, काय दिले, पुन्हा केव्हा पाहायचे. आज चिठ्ठी जाते ती बहुधा एकाच दिशेने.