कोणत्या गाड्या?

गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून आमचे मेहुणे वसईला मुक्कामास आले. आमचे घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. पहिली रात्र बिचाऱ्यांनी या कुशीवरून त्या कुशीवर होण्यात काढली. सकाळी चहा घेताना लाल डोळ्यांनी विचारते झाले, "भाऊजी, या गाड्यांत तुम्ही झोपता तरी कसे?"

"कोणत्या गाड्या?" मी म्हणालो. गंमत अशी, की मी थट्टा करीत नव्हतो!

१८६७ साली विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी निघाली. तेव्हापासून आम्हां वसईकरांच्या कानांनी तिच्याशी तह करून टाकला असावा. पण तह खरा कानांचा नव्हे, मेंदूचा. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नाहीत. झोपेतही आवाज आत शिरतोच आणि मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाची जी देवडी आहे, तेथवर येऊन पोहोचतो. झोप लागली, की मेंदूत सेकंदाला साधारण १२ ते १५ आवर्तनांच्या विद्युतलहरींचे झुबके मधून मधून उठतात. कागदावर त्यांचा आलेख सूत कातायच्या चातीसारखा दिसतो, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता. २०१० साली अमेरिकेत काही निरोगी माणसांना प्रयोगशाळेत निजवून रहदारीचे, टेलिफोनचे आवाज ऐकवले. ज्यांच्या मेंदूत या 'चात्या' अधिक, त्यांची झोप त्या गोंगाटातही टिकली.

बरे, देवडीवरचा हा पहारेकरी सरसकट सर्वांना हाकलतो म्हणावे, तर तसेही नाही. मध्यरात्री मालगाडी धडधडत गेली तरी आमची सौ. हालत नाही, पलीकडच्या खोलीत मुलगी नुसती खोकली, की उठून बसते. झोपलेल्या माणसाचा मेंदू इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला अधिक जागतो, हे इयान ऑस्वाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० सालीच दाखवले होते.

मुलीचा विषय निघाला म्हणून सांगतो. जूनमध्ये ती दहावीत जायची होती, आणि तिचा गाण्याचा क्लास बंद करावा असे मी मनाशी ठरवले होते. मराठी शिकवणाऱ्या बापाने हे ठरवावे, याची थोडी लाज वाटत होती. पण टक्क्यांपुढे कोणाचे काय चालते?

त्याच रात्री ती एक तान घोटत होती. सात-आठ वेळा त्याच जागी अडखळली आणि रडकुंडीला आली. तिच्या गाण्याच्या बाईंचा सल्ला एकच : "अडलं की झोप." ती झोपली. सकाळी तान सुटली! मी चकित झालो. पुढे वाचनात आले, की २०१२ साली अमेरिकेत काहींना दोन सुरावटी वाजवायला शिकवून दुपारी निजवले आणि गाढ झोपेत त्यांतली एकच हलकेच ऐकवली. उठल्यावर तीच त्यांना अधिक बिनचूक वाजवता आली. झोपेत मेंदूचा रियाज चालूच असतो तर!

गाण्याने मूल हुशार होते, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९३ सालच्या ज्या मोझार्टच्या प्रयोगाचा एवढा बोभाटा झाला, त्यातला परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला होता, आणि तोही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर. नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेत २००९ साली वादकांना गोंगाटातले बोलणे इतरांपेक्षा बरे समजते असे आढळले. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र तो फरक दिसला नाही. आमच्याकडे लग्नसराईत ब्रास बँड खिडकीखालून जाऊ लागला, की मी तोंड उघडून नुसता उभा राहतो. अशा वेळी कन्या मात्र बँडमधली चुकलेली क्लॅरिनेट बोटाने दाखवते. तेवढा पुरावा मला पुरेसा वाटला.

निकाल सौ.ने दिला : क्लास चालू राहील, मोबाईल रात्री दहाला आमच्या कपाटात जाईल. कन्येने पहिले कलम हसत आणि दुसरे रडत मान्य केले.

चौथ्या रात्री मेहुण्यांनाही गाड्या ऐकू येईनाशा झाल्या. ते चक्क घोरू लागले. त्यांचे घोरणे आम्हां तिघांनाही पहाटेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होते.