सुईच्या टोकाला तेल

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातले आकडे दिसतात. दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी. दोन हजार वर्षांत अक्षरं झिजली, तरी दगडातले आकडे अजून वाचता येतात. आपले आजचे आकडे हार्ड डिस्कवर असतात आणि त्यांची राखण करतं तेल! ते नेमकं किती हवं, याचा शोध मला फार थरारक वाटतो.

१९७३ साली आयबीएमने 'विंचेस्टर' डिस्क जाहीर केली. तोवर आकडे लिहिणारं-वाचणारं हेड डिस्कच्या तबकडीवर कधी टेकू द्यायचं नाही, असाच शिरस्ता होता. केन हॉटन यांच्या चमूने हेड हलकं केलं, तबकडीला तेलाचा हात दिला आणि ती थांबताना हेडला तिच्यावरच उतरू दिलं.

पुढे तबकड्या गुळगुळीत होत गेल्या आणि तेच तेल वैरी झालं. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून बघा, सोडवताना नाकी नऊ येतात. बंद मशिनमध्ये हेड तसंच चिकटून बसे, मोटर नुसती कण्हत राही. तेल कमी करावं तर हेड घासणार, आणि घासलं की आकडे गेलेच.

हा थर मोजायचा कसा? १९८९ मध्ये आयबीएमच्याच मॅथ्यू मेट आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी अणुबल सूक्ष्मदर्शक वापरला. लवचिक पट्टीच्या टोकाला अतिबारीक सुई. ती खाली येते, तेलाला टेकते, आणि तेल तिला झटकन वेढून खाली ओढतं, पट्टी वाकते. सुई आणखी उतरते, कठीण पृष्ठभाग लागतो, पट्टी उलट वाकते. या दोन क्षणांमधलं अंतर म्हणजे जवळपास तेलाची जाडी. काही नॅनोमीटर! डोळ्यांना कधीच न दिसणारा थर असा सुईला जाणवला.

तेलही साधं नव्हे, फ्लोरीनयुक्त. त्याच्या लांबट रेणूंची टोकं तबकडीवरच्या कार्बनच्या लेपाला धरून ठेवतात. जे रेणू मोकळे असतात ते सरकत जाऊन उघडी पडलेली जागा भरतात. आज हा थर एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरचा असतो.

कारखान्यात तबकडी तेलाच्या पातळ द्रावणात बुडवून संथपणे वर उचलतात. वेग वाढला की थर जाड होतो. बुडवून उचललेल्या पत्र्यावर किती द्रव राहतो, याचं गणित लांदाऊ आणि लेविच या शास्त्रज्ञांनी १९४२ मध्येच मांडलं होतं. द्रावक उडून जातो. तबकडी वर येते ती कोरडी ठक्क दिसते.