मुंबई ते लंडन किती तास?

माझी आजी डिसेंबरात मामाकडे लंडनला जाणार आहे. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे. तिकिटावर लिहिलंय, दुपारी १ ला निघणार, संध्याकाळी साडेपाचला पोचणार. आजी म्हणाली, “साडेचारच तास? बसेन की!” पण तिकडे सूर्य उशिरा उगवतो, म्हणून हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. ते मिळवले की १० तास होतात. आजीचे गुडघे धरतात, म्हणून मध्ये उठून चालायचे ठरलंय.

येताना साधारण तासभर कमी लागतो. उंचावर पश्चिमेचा जोरदार वारा असतो, तो विमानाला मागून रेटतो. नसरापूरहून सायकलवर येताना वारा पाठीला असला की कसे वाटते, तसेच!

एअर इंडियाचे पहिले लंडनचे विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून सुटले, ते कैरो, जिनिव्हा करत १० जूनला पोचले होते.