बाईच्या ताटातली वजाबाकी

नगरकडच्या खेड्यात गाय व्याली की शेजारपाजारचे डोळे गोठ्याकडे लागतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक, त्यात गूळ नि वेलदोडा घालून वाफवलेला खरवस, आणि मग वाट्या घरोघर फिरतात. एखाद्या घरी वाटी पोचली नाही तर रुसवा धरला जातो. त्याच घरात सून बाळंत झाली की तिचं पहिलं पिवळट, घट्ट दूध मात्र खराब ठरतं. ‘अजून दूध उतरलं नाही, हे पिळून टाक.’ तोवर बाळाला मधाचं बोट, साखरेचं पाणी, नाहीतर शेळीचं दूध. गाईचा चीक औषधी आणि आईचा नासका, असा हा न्याय.

आईचा चीक थोडाच येतो, एका वेळी चमचाभर. म्हणून तर ‘दूध नाही’ असं वाटतं. पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही बोराएवढंच असतं, त्याला तेवढंच पुरतं. त्या चमचाभरात रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं आणि अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं आणि पुढे सहा महिने पाण्याचा थेंबही वरून देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधाचं बोट तर वर्षाच्या आतल्या बाळाला घातकच ठरू शकतं. मधात कधीकधी असे जंतू असतात, की त्यांच्या विषानं तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात.

हे पटवून कुणी द्यायचं, याचं उत्तर याच जिल्ह्यानं पन्नास वर्षांपूर्वी शोधलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला तयार नसत, आणि आल्या तरी गावातल्या सासूबाई त्यांचं ऐकत नसत. मग आरोळ्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. पुष्कळशा दलित, बहुतेक शाळेची पायरीही न चढलेल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी जाऊन सांगायच्या. त्यांनी स्वतः पोरं वाढवलेली, काहींनी गमावलेलीही. त्यामुळे ‘तुला काय कळतंय’ असं त्यांना तोंडावर म्हणणं अवघड होतं. कामाच्या सुरुवातीला त्या गावांमध्ये जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा वीस-पंचविसाच्या घरात आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इमारती आणि यंत्रं यांच्याइतकाच, किंबहुना जास्तच, हा चुलीपुढे बसून केलेल्या बोलण्याचा परिणाम होता.

बायकांना मिळणारे सल्ले मी एकदा शेजारी शेजारी मांडून पाहिले. बहुतेकांचा हिशेब एकाच बाजूला झुकतो: बाईच्या ताटातून काहीतरी उचललं जातं, नाहीतर तिच्या माथी काहीतरी मारलं जातं. ‘तिला दोन घास जास्त वाढा’ असं सांगणारा गैरसमज मला अजून सापडायचाय. केशराचं दूध तेवढं सापडलं. पण तेही तिच्यासाठी नसतं, बाळ गोरं व्हावं म्हणून असतं. (होत नाही. रंग आईबापाच्या जनुकांतून येतो, केशराचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

‘कमी खा, पोर मोठं झालं तर अडशील’

यामागे खरी भीती आहे. दवाखाना दूर असताना अडलेली बाई दगावायची, हे सासूनं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण बाळंतपण अडतं ते प्रामुख्यानं कटीचं हाड अरुंद असल्यानं किंवा बाळ आडवं-तिरपं असल्यानं. आणि लहानपणी पोटभर न मिळालेल्या मुलीची कटीच पुरती वाढत नाही. म्हणजे उपाशी ठेवणं हे त्या रोगाचं मूळच, औषध कसं होईल? गरोदरपणी कमी जेवल्यानं बाळ अडीच किलोच्या आत भरतं, आणि अशा बाळाचं पहिलं वर्ष कठीण जातं. गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जादा लागतात. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठाची एक दणदणीत भाकरी म्हणजे तेवढंच. मागणी काही फार मोठी नाही.

‘गोळ्यांनी बाळ काळं होतं, त्यापेक्षा डाळिंब खा’

आशाताई लाल गोळ्यांची पाकिटं देऊन जातात आणि ती फडताळात पडून राहतात. लोहाच्या गोळीनं काळी होते ती शौच, बाळ नव्हे. न शोषलेलं लोह बाहेर पडतं, एवढाच त्याचा अर्थ. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्यावी. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. तेव्हा ही पाकिटं फडताळात शोभत नाहीत.

डाळिंब आणि बीट यांची कीर्ती रंगावर उभी आहे. लाल म्हणून रक्ताचं, असा तर्क. संगमनेर-राहात्याकडची डाळिंबं चवीला उत्तम, जरूर खावीत. पण त्यांत लोह इतकं थोडं की बाजरीच्या पासंगालाही पुरत नाही. गंमत अशी की त्याच राहात्याचा पेरू या कामी जास्त उपयोगी. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर आणि त्यामुळे धान्यातलं लोह अंगी लागतं. जेवणानंतर अर्धा पेरू किंवा पिठल्यावर पिळलेली लिंबाची फोड ही स्वस्तातली युक्ती आहे. पेरूनं सर्दी होते म्हणणाऱ्यांनी सर्दी विषाणूनं होते, एवढं लक्षात ठेवावं.

‘बाजरी उष्ण पडते’

इथे जरा थांबायला हवं, कारण नगरची बाई आपल्या ताटातली सगळ्यात मोलाची गोष्ट या एका वाक्यापायी गमावते आहे. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी खायची, थंडीभर बाजरी आणि उन्हाळ्यात ज्वारी, ही जुनी वाटणी शहाणपणाची आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता काय झालंय, की बारा महिने गव्हाची चपाती ही प्रतिष्ठेची, भाकरी ही गरिबीची. आणि हे उघड म्हणायला नको म्हणून ‘उष्ण पडते’ असं म्हणायचं. बाजरीनं अंगाचा ताप वाढतो असं काही नाही. भाकरीबरोबर दोन चमचे ठेचा खाऊन पोटात आग पडली तर दोष कुणाचा?

शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असतं आणि अकरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संस्थेबरोबर ‘धनशक्ती’ नावाची बाजरी आणली, तिच्यात लोह आणखी जास्त. या जातीची परीक्षा नगर जिल्ह्यातच झाली. वसतिगृहात राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना दोन वेळ भाकरी वाढली. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची, काहींना साध्या बाजरीची. सहा महिन्यांनी, ज्या मुलांत लोहाची कमतरता होती त्यांच्यातली ती भरून निघण्याचं प्रमाण पहिल्या गटात दीडपटीहून जास्त होतं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. परदेशी शास्त्रज्ञांनी भाकरीचं कौतुक केलं आणि आपल्या लग्नाच्या पंगतीतून ती अजून गायबच आहे.

एक खरी सावधगिरीही सांगते. तिन्ही त्रिकाळ नुसती बाजरीच, आणि मीठ आयोडीनचं नाही, असं असेल तर गलगंडाचा त्रास वाढू शकतो. आयोडीनयुक्त मीठ, अधूनमधून ज्वारी-नाचणी, हुलग्याचे शेंगोळे, एखादी डाळ, एवढं असलं की ती भीती उरत नाही.

‘पौष्टिक खायला पैसा लागतो’ हे ऐकलं की मला अकोले तालुक्यातलं कोंभाळणे आठवतं. शाळेत न गेलेल्या राहीबाई पोपेरे यांनी नातवाच्या आजारपणानंतर फवारणीच्या भाजीचा नाद सोडला आणि वाल, घेवडे, पालेभाज्या यांचं गावरान बियाणं जमवायला घेतलं. ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाण्यांची बँक उभी राहिली, आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. परसातले चार वेल, दोन आळी. त्याला दुकानाची चिठ्ठी लागत नाही. फक्त ‘गावरान’ अशी पाटी लावून तिप्पट भावानं विकलेलं सगळंच गावरान नसतं, हेही जाता जाता.

‘गुळाचा चहा शुगरला चालतो’

चालत नाही. गुळातही मुख्यतः साखरच. लोह असतं, पण एका कपातल्या गुळात अर्धा मिलिग्रॅम भरलं तर भरलं. महामार्गावरच्या टपरीवाल्यांना हे सांगू नका, एवढंच.

‘वांग म्हणजे पोटातली उष्णता’

गालांवरचे तपकिरी डाग गरोदरपणी किंवा त्यानंतर येतात, ते संप्रेरकांच्या बदलामुळे आणि उन्हामुळे. लिव्हर बिघडल्याचं ते लक्षण नाही, आणि पोट साफ करून ते जातही नाहीत. कांद्याच्या शेतात दिवसभर वाकलेल्या बाईला ऊन टाळ म्हणणं सोपं नाही. तरी कपाळ-गाल झाकणारा रुमाल आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी यांनी बराच फरक पडतो. खरा धोका पुढे आहे. कुणीतरी मेडिकलमधून दहा दिवसांत गोरं करणारी ट्यूब आणतं. तिच्यात बहुतेकदा स्टिरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की डाग दुप्पट. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. बिननावाच्या डब्यांत तर पारा सापडतो. अकोला शहरात काही वर्षांपूर्वी एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, त्याचा माग अशाच क्रीमपर्यंत गेला.

‘तिला मुलीच होतात’

बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. पुरुषाच्या बीजातून काय येतं त्यावर मुलगा की मुलगी ठरतं. तारीख, वार, कूस, पुडी, कशानंही त्यात बदल होत नाही. सम तारखेला मुलगा, विषम तारखेला मुलगी, असं एक विधान कीर्तनातून झालं आणि २०२० साली प्रकरण संगमनेरच्या कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा आपल्याकडे ही समजूत किती मुरलीय ते दिसलं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८५२ मुली होत्या. आणि हा तो जिल्हा, जिथे चौंडीत अहिल्याबाई जन्मल्या.

याच्याच पाठीला पाठ लावून दुसरी समजूत येते: ‘नसबंदीनं गडी कामातून जातो.’ नसबंदीत फक्त बीज वाहून नेणारी नळी बंद होते; संप्रेरकं, इच्छा, ताकद सगळं जागच्या जागी राहतं. पोट न उघडता थोड्या वेळात होणारं हे काम बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपं आहे. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून घ्यायची. तरी महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली असते आणि पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही.

‘पिशवी काढली की कटकट मिटली’

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांत हे सर्रास ऐकू येतं. पांढरं जातं म्हणून डॉक्टरकडे जावं, तर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांपैकी जवळपास १४ हजार जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं हे बहुतांशी जंतुसंसर्गानं होतं आणि औषधानं बरं होतं. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं, हे डॉक्टरांना विचारावं. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ होऊ लागतात. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय सही करू नये.

आणि एक समजूत अशी, की ती कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही: बाईनं सगळ्यांच्या मागून जेवायचं. वयात आलेल्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा तक्ता सांगतो. जिला दीडपट लागतं ती शेवटी बसते. तोवर कालवणाचा तळ दिसलेला असतो, डाळीचं वरचं पाणी उरलेलं असतं. एक भाकरी शिल्लक राहते, तिला तोंडीलावणं काही नसतं. मग ती चहात बुडवून खाल्ली जाते, आणि चहातलं टॅनिन भाकरीतल्या लोहाला धरून ठेवतं, ते अंगी लागूच देत नाही.